विंचेस्टरचा पाया

उंच इमारतीपुढें उभें राहिलें म्हणजे मनुष्याची दृष्टि आपोआप वर जाते. मनोरा केवढा उंच, कमानी किती रेखीव, खिडक्यांच्या कांचा कशा रंगीत, याची चर्चा होते. पाया किती खोल आहे, असें विचारणारा क्वचितच भेटतो. कारण पाया दिसत नाहीं, आणि त्याची आठवण होते ती बहुधा तो खचूं लागल्यावर. दोन वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटींत इंग्लंडांतील विंचेस्टर येथील कॅथीड्रल पाहण्याचा योग आम्हांस आला. तेथें जें पाहिलें व ऐकलें तें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, आणि त्या ओघांत आमच्या एका जुन्या अपराधाची कबुली द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमची धाकटी बहीण साउदॅम्टन शहरांत परिचारिकेचें काम करिते. तिच्या आग्रहावरून आम्ही तिकडे गेलों होतों. तेथून विंचेस्टर आगगाडीनें अगदीं जवळ. कॅथीड्रल म्हणजे ज्या मंदिरांत बिशपाचें आसन असतें तें मंदिर. विंचेस्टरचें हें मंदिर ५५८ फूट, म्हणजे सुमारें १७० मीटर लांब असून युरोपांतील सर्वांत लांब मध्ययुगीन कॅथीड्रलांत त्याची गणना होते. परंतु बाहेरून पाहतां प्रथम थोडी निराशाच होते. मनोरा ठेंगणा व चौकोनी; आकाशांत घुसणारें शिखर नाहीं. हिरवळीवर एखादें प्रचंड गलबत नांगर टाकून पडलें असावें, तसें तें दिसतें. आंत पाऊल टाकलें मात्र, आणि आमच्या तोंडून शब्द निघेना. दोन्ही बाजूंस खांबांच्या रांगा, वर दगडाचेंच कमानदार छत, आणि समोर नजर पोहोंचेल तेथवर मंडपच मंडप!

या मंदिराची जन्मकथा अशी आहे. इसवी सन ६४८ च्या सुमारास या जागीं सॅक्सन राजांनीं एक मंदिर बांधिलें होतें. पुढें १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकिलें, आणि जिंकणारास साजेसें भव्य मंदिर बांधावें म्हणून बिशप वॉकेलिन यानें १०७९ सालीं नवीन कामास आरंभ केला. दगड आइल ऑफ वाइट या बेटावरील खाणींतून होड्यांनीं आणिला. लांकडाविषयीं एक गमतीची दंतकथा आहे. राजानें आपल्या एका रानांतून, ठराविक मोजक्या दिवसांत जेवढें लांकूड तोडतां येईल तेवढें नेण्याची परवानगी बिशपास दिली. बिशपानें मुलखांतले सारे सुतार गोळा केले आणि तेवढ्या दिवसांत रानच्या रान भुईसपाट करून टाकिलें! १०९३ सालीं मठांतील साधु नव्या मंदिरांत आले आणि जुनें मंदिर पाडण्यास लागलीच प्रारंभ झाला. त्याच्या पायाच्या खुणा पुराणवस्तुसंशोधकांनीं १९६० नंतरच्या दशकांत खणून काढिल्या. आज त्या हिरवळींत विटांच्या रेघांनीं दाखविलेल्या आहेत. मुलें त्या रेघांवरून तोल सांभाळीत चालतांना आम्हीं पाहिलीं.

नवें मंदिर उभें राहून चौदा वर्षें होतात न होतात, तोंच ११०७ सालीं त्याचा मधला मनोरा कोसळला. त्यापूर्वीं सात वर्षें दुसरा विल्यम राजा शिकारींत बाण लागून मरण पावला होता, व त्यास याच मनोऱ्याखालीं पुरलें होतें. हा राजा लोकांस फार अप्रिय होता. तेव्हां ‘पापी राजाचें प्रेत पोटांत घेतलें, म्हणून मनोरा पडला,’ असें लोक म्हणूं लागले. परंतु त्याच काळांतील माम्झबरीचा विल्यम नामक साधूनें आपल्या इतिहासांत असा अभिप्राय दिला आहे कीं, राजास तेथें पुरलें नसतें तरीहि मनोरा पडला असता, कारण त्याचें बांधकामच कच्चें होतें. नऊशें वर्षांपूर्वींच्या एका साधूची ही विवेकबुद्धि पाहून आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

मंदिराचे उत्तर व दक्षिण दिशांस पसरलेले बाहु अद्यापि बव्हंशीं नॉर्मन काळचेच आहेत. तेथें आम्ही बराच वेळ भिंतीशीं उभे राहिलों. १०७९ नंतरच्या पहिल्या बांधकामांत दोन दगडांमधील सांधे रुंद आहेत. चुना भरपूर घातलेला दिसतो. मनोरा पडल्यावर जें काम पुन्हां केलें त्यांतील सांधे मात्र इतके बारीक आहेत कीं जणूं दुसऱ्याच हातांनीं तें केलें असावें. आणि नव्या मनोऱ्याखालचे खांब तर अवाढव्य जाडीचे आहेत. एकदां पोळलेला गवंडी दुसऱ्यांदा ताक फुंकून पितो, दुसरें काय! आमची बहीण म्हणाली, “दादा, लोक रंगीत कांचा बघतायत आणि तू भिंतीला हात लावत काय बसलास?” तिला आम्हीं उत्तर दिलें नाहीं. गवंड्याच्या मुलाचा हात भिंतीच्या सांध्यांकडे आपोआप जातो, हें तिला ठाऊक नव्हतें असें नाहीं.

पुढें सन १२०० च्या सुमारास या मंदिरांतील संत स्विदन याच्या समाधीच्या दर्शनास यात्रेकरूंची गर्दी फार होऊं लागली, म्हणून बिशप गॉडफ्री द लूसी यानें मंदिर पूर्वेकडे वाढविण्याचें काम काढिलें. येथेंच पुढील सर्व अनर्थाचें बीज पेरलें गेलें. विंचेस्टर हें इचन नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. पूर्वेकडील जमिनीच्या पोटांत कुजलेल्या वनस्पतींचा मऊ, स्पंजासारखा थर आहे. त्यास पीट असें म्हणतात. त्याखालीं खडीचा टणक थर आहे, परंतु तो इतका खोल व पाण्यांत बुडालेला कीं त्या काळच्या कारागिरांस तेथवर पोहोंचणें शक्य नव्हतें. तेव्हां त्यांनीं त्या मऊ जमिनींत बीच वृक्षाचे ओंडके तराफ्यासारखे अंथरले, व त्यांवर भिंती उभारिल्या. वरील काम अत्यंत सुंदर झालें. खालील ओंडके मात्र शेंकडों वर्षें हळूहळू दबत राहिले.

मंदिराचा मधला लांब मंडप आज जसा दिसतो तो चौदाव्या शतकांतील आहे. बिशप एडिंग्टन यानें पश्चिम बाजूच्या नूतनीकरणास हात घातला, आणि १३९४ पासून विकमचा बिशप विल्यम यानें तें काम मोठ्या प्रमाणावर पुढें चालविलें. हा विल्यम साध्या कुळांत जन्मलेला होता. यानेंच १३८२ सालीं विंचेस्टर येथील प्रख्यात विद्यालय स्थापिलें. त्याचा मुख्य कारागीर विल्यम विनफर्ड यानें कांहीं ठिकाणीं जुने नॉर्मन खांब न पाडतां, ते जागच्या जागींच तासून त्यांस नवें सडपातळ रूप दिलें. म्हणजे बाहेरून पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावरील नाजूकपणा, आणि आंत अकराव्या शतकाचा दणकट गाभा! पुढें १५३९ सालीं मठ बंद झाला. १६४२ सालीं यादवी युद्धांतील सैनिकांनीं पश्चिमेच्या मोठ्या खिडकीच्या रंगीत कांचा फोडिल्या. लोकांनीं ते तुकडे जपून ठेविले, व १६६० नंतर ते पुन्हां खिडकींत बसविले. कोणता तुकडा कोठला याचा मेळ न लागल्यामुळें आज त्या खिडकींत चित्र असें नाहीं, नुसत्या रंगांची गोधडी आहे. तरी सूर्य तिच्यामागें आला म्हणजे तीहि सुंदर दिसते.

आतां १९०५ सालाकडे वळूं. त्या सालापर्यंत पूर्वेकडील भिंती कलूं लागल्या होत्या. कांहीं भेगा इतक्या रुंद कीं त्यांत घुबडें राहत! छताचे तुकडे खालीं पडूं लागले. वास्तुशिल्पी टॉमस जॅक्सन व इंजिनियर फ्रान्सिस फॉक्स यांनीं भिंतीलगत खड्डा घेऊन पाहिलें. पीटचा थर फोडतांच खालून पाणी उसळून वर आलें. पाणी पंपानें उपसावें, तर त्याबरोबर बारीक माती वाहून जाऊन सारी इमारतच बसण्याचें भय. पाणी काढतां येईना आणि पाण्यांत गवंडी काम करीना, असा पेंच पडला. तेव्हां फॉक्स यास सुचलें कीं, गवंडी नाहीं तर पाणबुड्या खालीं उतरवावा.

त्या पाणबुड्याचें नांव विल्यम वॉकर. १९०६ ते १९११ पर्यंत सुमारें सहा वर्षें तो या मंदिराच्या पायाखालीं राबला. भिंती एकदम ढांसळूं नयेत म्हणून एका वेळीं थोडासाच भाग खणावयाचा, अशी योजना होती. याप्रमाणें दोनशेंहून अधिक खड्डे घेतले गेले. प्रत्येक खड्डा पाण्यानें भरलेला, कोठें कोठें वीस फूट खोल. पाणी गढूळ व काळें. त्यांत दिवा असून नसून सारखाच. वॉकर केवळ हाताच्या स्पर्शानें काम करीत असे. राहिलेला पीटचा थर काढून खडी मोकळी करावयाची, आणि तिच्यावर काँक्रीटच्या पिशव्या एकमेकींस चिकटून रचावयाच्या. अशा रीतीनें तळ बंद झाला म्हणजे वरील पाणी उपसून काढीत, आणि मग गवंडी खालीं उतरून भिंतीच्या मुळापर्यंत पक्कें काम भरून घेत. या सर्व कामास सुमारें २५,००० पिशव्या काँक्रीट, १,१५,००० काँक्रीटचे ठोकळे व ९,००,००० विटा लागल्या. वॉकर दररोज सुमारें सहा तास पाण्याखालीं असे. त्याचा पोषाख इतका जड कीं तो पुन्हां पुन्हां घालणें-काढणें परवडत नसे. दुपारीं जेवावयास वर आला म्हणजे तो डोक्यावरील धातूचें शिरस्त्राण तेवढें उतरवून भाकरतुकडा खाई, चिलीम ओढी, व पुन्हां खालीं जाई. आठवडा संपला म्हणजे सायकलीवर बसून लंडनजवळील आपल्या घरीं मुलाबाळांत जाई.

१५ जुलै १९१२ रोजीं मंदिरांत उपकारस्तुतीची उपासना झाली. पांचवे जॉर्ज राजे स्वतः हजर होते. वॉकर याचा राजाकडून सन्मान झाला. सहा वर्षांनीं, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत, तो मरण पावला.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. १९६४ सालीं वॉकरचा एक लहान पुतळा मंदिरांत बसविण्यांत आला. पुतळा झाल्यावर ध्यानांत आलें कीं, शिल्पकारास दाखविलेल्या छायाचित्रांत चूक झाली होती. अंगावर पाणबुड्याचा पोषाख, आणि चेहरा मात्र इंजिनियर फॉक्स याचा! ती चूक दुरुस्त होऊन वॉकरचा खरा पुतळा बसावयास २००१ साल उजाडावें लागलें. फॉक्स याचा यांत कांहीं दोष नव्हता. तो कुशल व सज्जन मनुष्य होता; त्याच्या बुद्धीवांचून हें काम झालेंच नसतें. तरी पण अंधाऱ्या पाण्यांत ज्याचे हात सहा वर्षें चांचपडले, त्याच्या धडावर दुसऱ्याचें डोकें सदतीस वर्षें बसलें होतें, ही गोष्ट खोटी नव्हे.

मंदिर दाखविणाऱ्या वृद्ध बाईंनीं ही हकीगत हंसत हंसत सांगितली, आणि सर्व मंडळी हंसली. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. त्याचें कारण सांगण्याची आतां वेळ आली आहे.

आमचे वडील गवंडी होते. आमच्या गांवीं जें लहानसें प्रार्थनामंदिर आहे, त्याचा पाया त्यांनीं घातला. आमच्याकडील काळी माती मोठी फसवी. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेली भिंत वर्षांतून दोनदां हालते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा, असा वडिलांचा कटाक्ष होता. चार फुटांवर मुरूम लागला नाहीं. काम पाहणारी मंडळी म्हणाली कीं, एवढें पुरे, अधिक खोदाईस पैसा नाहीं. वडील एवढेंच म्हणाले, “पैसा नको, आठ दिवस द्या.” ते आठ दिवस त्यांनीं व आमच्या आईनें मिळून चर खोल केले. सात फुटांवर मुरूम लागला. दर्शनी भिंतींत जी शिला बसविली आहे, तिजवर ज्या पाहुण्यांनीं ती बसविली त्यांचें नांव आहे. वडिलांचें नाहीं, आणि तें असावें असें त्यांस स्वप्नांतहि वाटलें नाहीं. त्याच वर्षीं शेजारीं बांधिलेल्या गोदामाच्या भिंतींस आज हात जाईल एवढ्या भेगा आहेत. आमच्या प्रार्थनामंदिरास एकहि नाहीं.

आम्ही बारा वर्षांचे असतांना बोर्डिंगांत राहून शिकत होतों. बक्षीस समारंभास वडील आले. धुतलेला सदरा घातला होता, तरी नखांतला चुना गेला नव्हता. समारंभानंतर एका पाहुण्यांनीं आमची पाठ थोपटून विचारिलें, “बाळ, तुझे वडील काय करतात?” आमच्या सोबत्यांत कोणाचे वडील डॉक्टर, कोणाचे मामलेदार. आमच्या तोंडून शब्द निघून गेले, “माझे वडील इंजिनियर आहेत.” वडील आमच्या पाठीमागें दोन हातांवर उभे होते. त्यांनीं तें ऐकिलें.

रागावले असते तर बरें झालें असतें. ते रागावले नाहींत. एस्. टी. स्टँडाकडे जातांना वाटेंत त्यांनीं आम्हांस दोन पेरू घेऊन दिले, आणि विचारिलें, “गणितात किती मार्क पडले?” आम्हीं सांगितलें. ते म्हणाले, “चांगले आहेत. इंजिनियर व्हायचं तर गणित पक्कं पाहिजे, बाळा.” गाडी आली, ते चढले. त्या खोट्या उत्तरावर त्यांनीं हलकेंच पांघरूण घातलें होतें. आमच्याविषयींचें तें स्वप्न होतें, असें जणूं त्यांनीं ठरवून टाकिलें. आम्ही इंजिनियर झालों नाहीं, शिक्षक झालों. क्षमा मागावी असें कितीदां तरी मनांत आलें. आज मागूं, उद्यां मागूं, असें करितां करितां वडील गेले. आम्हींहि एका अंगमेहनतीच्या माणसाच्या धडावर इंजिनियराचें डोकें बसविलें होतें. विंचेस्टरची चूक अजाणतां झाली होती, आमची जाणूनबुजून.

निघण्यापूर्वीं बहिणीनें आम्हांस तळघर दाखविलें. हिवाळ्यांत भूगर्भांतील पाणी चढतें, आणि हें तळघर दरवर्षीं पाण्यानें भरतें. त्या पाण्यांत अँटनी गॉर्मली या शिल्पकारानें १९८६ सालीं केलेला मनुष्याकृति पुतळा उभा आहे. ओंजळींत पाणी धरून तो त्याकडे पाहत असतो. आम्ही कठड्याशीं उभे होतों. पाणी अगदीं स्थिर होतें. त्यांत कमानींचीं प्रतिबिंबें पडलीं होतीं. आमच्या डोकीवर हजारों मण दगड होता, आणि पूर्वेकडील सारा भार आजहि वॉकरनें काळोखांत रचिलेल्या पिशव्यांवर विसंबून आहे, हा विचार मनांतून जाईना. बहीण हळूच म्हणाली, “दादा, बाबा असते तर त्यांनी आधी पाणी किती खोल आहे ते विचारलं असतं.” आम्ही दोघेंहि हंसलों, आणि मग बराच वेळ कोणीच बोललें नाहीं.

दाराशीं पाहुण्यांनीं नांव लिहिण्याची एक वही होती. आम्हीं आमचें नांव लिहिलें, गांवाचें नांव लिहिलें, आणि पुढें मराठींत लिहिलें, “गवंड्याचा मुलगा.” तेथें तें कोणास वाचतां आलें असेल असें वाटत नाहीं. परंतु खोटें आम्हीं एकदां मोठ्यानें बोललों होतों. खरें एकदां शाईनें लिहावें, असें वाटलें. आज या अंकांत तेंच पुन्हां लिहीत आहों. कारण येथें तें वाचणारे पुष्कळ आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, दरवर्षीं जून महिन्यांत तुमचीं प्रवेशपत्रें आमच्या हातांखालून जातात. त्यांत ‘पालकांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. कित्येक मुलें तेथें नुसतें ‘नोकरी’ असें लिहितात, कित्येक तो कोराच ठेवितात. आम्ही कधीं कोणास त्याविषयीं विचारीत नाहीं. न विचारण्याचें कारण तुम्हांस आतां कळलें असेल. तुम्ही पुढें डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा; आम्हांस आनंदच होईल. मात्र त्या रकान्यांत वडील जें करतात, आई जें करते, तेंच लिहा, आणि सुवाच्य लिहा. पालकांसहि एक विनंति आहे. आपण दिवसभर काय काम करितों, तें कसें करितों, त्यांत कोठें कौशल्य लागतें, हें कधीं तरी मुलांस जवळ बसवून सांगा. शक्य असेल तर एखादे दिवशीं कामावर घेऊन जाऊन दाखवा. आमच्या वडिलांनीं ओळंबा कसा धरावा हें आम्हांस एकदां शिकविलें होतें. तो ओळंबा आमच्या टेबलाच्या खणांत आहे. ज्यास पाहावयाचा असेल त्यानें मधल्या सुटींत यावें.